लादलेले लहानपण

वाचक माउली, आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही. आज घेतले आहे एक कुत्रे, आणि तेही ओंजळीत मावणारे. हसू नका. सेहेचाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो, आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत चार वर्षे राहून जे पदरात पडले ते जमेल तसे लोकांपुढे ठेवले. आता घसा साथ देत नाही, गुडघे तर त्याच्याही आधी बसले. म्हणून लेखणी हातात घेतली आहे. जे सांगायचे आहे ते माझ्या घरात घडले आणि त्यात माझाही दोष आहे. दुसऱ्याचे दोष सांगणारे कीर्तन मी फार केले. आज स्वतःचे सांगतो.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी गाव सोडून मुलाकडे हडपसरला राहायला आलो होतो. नात दहा वर्षांची. तिच्या मैत्रिणीकडे एक इवलेसे कुत्रे होते, तसेच तिला हवे होते. मोबाईलवर चित्रे दाखवायची, "नाना, बघा, कपात बसलंय." खरेच, चहाच्या कपात बसवलेले पिल्लू, नुसते दोन डोळे आणि कापसाचा गोळा. विकणारे त्याला 'टीकप' म्हणतात. किंमत ऐकून मुलगा नाही म्हणाला. नातीने दोन दिवस जेवण सोडले. आजोबाचे काळीज ते. त्या वर्षीच्या उसाच्या बिलातले पैसे माझ्याकडे होते, त्यातले अर्धे मी काढून दिले. म्हणजे माउली, या व्यवहारातला पहिला भागीदार मी.

विकणारा ओळखीतूनच आला होता. त्याने घरी बोलावले नाही. एका इमारतीच्या खाली, गाड्या लावतात तिथे, टोपलीत पिल्लू आणून दिले. म्हणाला, तीन महिन्यांचे आहे, मोठे झाल्यावरही दीड किलोच्या वर जाणार नाही. आणि एक ताकीद दिली, "दिवसातून दोन वेळा, दोन-दोन चमचेच द्या. जास्त खाल्लं तर वाढेल, मग टीकप राहणार नाही." आम्ही मान डोलावली. पिल्लू इतके हलके होते, की पंढरीच्या प्रसादाची आठवण होऊन मीच त्याचे नाव ठेवले, चुरमुरा.

पंधरा दिवस घरात नुसता आनंद. सोसायटीतली माणसे बघायला येत. मीही संध्याकाळी त्याला उपरण्यात घेऊन खाली बसायचो. "महाराज, काय गोड आहे हो," असे चार जण म्हणाले की बरे वाटायचे. कीर्तनाला माणसे जमायची बंद झाली होती ना, ती अशी जमू लागली. हेही कबूल करून टाकतो.

मग एकादशी आली. पहाटे चारला काकड्यासाठी उठलो. रोज माझ्या पायांत येणारा चुरमुरा आला नाही. दिवा लावून बघतो, तर कोपऱ्यात आडवा पडलेला. अंग गार, मान लटपटते आहे, पाय हवेत चालल्यासारखे हलताहेत, डोळे उघडे पण ओळख नाही. सूनबाईने मुलाला उठवले, आम्ही तसेच गाडीत बसून रात्रभर उघड्या असणाऱ्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी हिरड्यांना साखरेचे दाट पाणी चोळले, मग सुईने साखर दिली, गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या. अर्ध्या तासाने त्याने मान उचलली.

बाईंनी विचारले, "याला खायला किती देता?"

मी सांगितले, "दोन वेळा, दोन-दोन चमचे. तसंच सांगितलंय."

त्यांनी पिल्लाचे तोंड उघडून दाखवले. "आजोबा, याचे दुधाचे मागचे दातसुद्धा पुरते आलेले नाहीत. हे तीन महिन्यांचं नाही. तुमच्याकडे आलं तेव्हा महिन्याभराचं असेल फार तर. आईच्या अंगावर प्यायचं वय होतं याचं. आणि तुम्ही याला उपाशी ठेवलंय."

माउली, मी त्या वेळी एकादशीचा उपाशीच होतो. पण माझा उपवास माझ्या मनाचा. द्वादशीला पारणे आहे, हे ठाऊक असलेला. त्या जिवाला आम्ही पंधरा दिवस रोजची एकादशी घडवली, आणि तिला पारणे नव्हते. ते वाढू नये म्हणून!

दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा मला नामदेवरायांची गोष्ट आठवली. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नका म्हणून. ही गोष्ट मी किती गावांत सांगितली असेल! नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला गंगेची कावड पाजली, तीही सांगितली. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायच्या. आणि माझ्या स्वतःच्या घरात कुत्र्याला चमच्याने मोजून मिळत होते. तोंडाने सांगितलेले हातात उतरले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

त्या डॉक्टरबाईंकडे पुढे अनेकदा जावे लागले. विचारायची मला सवय आहे. शास्त्र कोणतेही असो, जाणत्याच्या पायाशी बसून ऐकावे, ही आपली रीत. त्यांनी जे समजावून सांगितले ते तुम्हाला सांगतो, कारण हे विकणारा सांगत नाही.

पहिली गोष्ट, 'टीकप' नावाची कुत्र्याची जातच नाही. टीकप, मायक्रो, पॉकेट ही सगळी बाजारातली नावे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी मंडळे असतात, त्यांच्या पुस्तकांत असा प्रकार नाही. पोमेरेनियन ही जात आहे, चिवावा ही मेक्सिकोकडची जात आहे, यॉर्कशायर टेरियर आहे. या मुळातच लहान जाती. अमेरिकेच्या केनेल क्लबच्या नियमात पोमेरेनियनचे वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण सव्वा ते सव्वातीन किलो धरले आहे. चिवावा ६ पौंडांच्या वर नसावा, असे आहे. म्हणजे लहानात लहान जात आधीच ओंजळीएवढी. बाजाराला ती त्याहून लहान हवी.

पोमेरेनियनचेच बघा. याचे पूर्वज थंड मुलखातली, बर्फात गाडी ओढणारी मोठी कुत्री. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८८८ साली इटलीत फ्लॉरेन्सला गेली, तिथली लहान चणीची पोमेरेनियन तिला आवडली, ती तिने सोबत नेली. तिच्या मार्को नावाच्या लाडक्या कुत्र्याचे वजन १२ पौंड होते असे सांगतात, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. तेव्हा ते लहान वाटले. राणीला आवडले म्हणून सरदारांना आवडले, मग सगळ्यांनाच. आवड पुढे चालली, देह मागे आटत गेला. राणीचे लहान कुत्रे माझ्या चुरमुऱ्याच्या तिप्पट होते!

आता इतके लहान करतात कसे? वेतात एखादे पिल्लू सगळ्यांत अशक्त निघते. आपल्याकडे शेळीच्या करडांतही निघते. ते जगावे म्हणून आपण त्याला वेगळे दूध पाजतो. इथे उलटे. अशी अशक्त निवडून त्यांचीच जोडी लावतात, पुन्हा त्यांच्या पिल्लांतली अशक्त निवडतात. पुष्कळदा जवळच्या नात्यातच. कोणी खाणे तोडतात. कोणी महिन्याभराचे पिल्लू तीन महिन्यांचे म्हणून विकतात, म्हणजे घेणाऱ्याला वाटावे की केवढे लहान! आमच्या बाबतीत हे शेवटचे दोन्ही झाले.

आणि त्या देहाचे काय होते? समई आणि निरांजन डोळ्यांपुढे आणा. समईत तेल भरपूर, रात्रभर जळते. निरांजनात तूप चमचाभर, आरती संपता संपता ज्योत मिणमिणते. एवढ्याशा पिल्लाच्या काळजात, म्हणजे यकृतात, साखरेचा साठा निरांजनाएवढा. अंगावर चरबी नाही, मांस नाही. देह जेवढा लहान तेवढी ऊब लवकर निघून जाते आणि ती राखायला साखर खर्च होते. थोराड पिल्लाचे एक जेवण चुकले तर ते कुरकुरते, याचे चुकले तर झटका येतो. वेळेवर कळले नाही तर जीव जातो.

हाडे तर काडीसारखी. चुरमुरा आठ महिन्यांचा असताना माझ्या मांडीवर होता. मी पोथी वाचता वाचता पेंगलो. जिन्यावर नातीचा आवाज आला तशी त्याने उडी मारली. माझे आसन जमिनीवर नाही हो, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसतो. तेवढ्या उंचीवरून पुढचा पाय मोडला. त्याची किंकाळी मला अजून ऐकू येते. डॉक्टरबाई म्हणाल्या, खुर्चीवरून, कोचावरून उडी मारून पाय मोडलेली अशी पिल्ले नेहमी येतात. मनगटाजवळ ते हाड इतके बारीक आणि तिथे रक्ताचा पुरवठा इतका कमी, की ते लवकर सांधतही नाही. पट्टी बसवावी लागली. कित्येक आठवडे पिंजऱ्यात ठेवला. अजून थोडा लंगडतो.

दातांचे ऐका. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात आणि यालाही बेचाळीसच. देह लहान झाला म्हणून दातांची संख्या कमी होत नाही. एवढ्याशा जबड्यात एवढी गर्दी, दुधाचे दात पडत नाहीत, त्यांच्या शेजारीच नवे येतात, मध्ये अन्न अडकून हिरड्या सडतात. चुरमुऱ्याचे नऊ दात काढावे लागले. आणि ते काढायला भूल द्यावी लागते. इतक्या लहान जिवाला भूल देणे हेच जोखमीचे. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. श्वासनळीची कडी मऊ पडून ती चेपते, मग हंसासारखा घोगरा खोकला लागतो. म्हणून अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधू नये, छातीवरून घ्यायचा पट्टा वापरावा. काहींची टाळू भरतच नाही, काहींच्या डोक्यात पाणी साठते. काहींच्या पोटात जन्मतःच रक्ताची वाट चुकलेली असते. यकृतातून गाळून जायचे रक्त परस्पर पुढे जाते आणि विष अंगभर फिरते. हे सगळे प्रत्येकात होते असे नाही. पण जेवढे अधिक लहान, तेवढी शक्यता अधिक.

इथे कोणी पूर्वपक्ष करील, की महाराज, लहान जातीची कुत्री तर मोठ्यांपेक्षा जास्त वर्षे जगतात. खरे आहे, मला बाईंनीच सांगितले. नीट पोसलेले, आपल्या जातीच्या वजनातले लहान कुत्रे बारा-चौदा वर्षे सुखाने जगते. लहान असणे हा दोष नाही. लहान जातीलाही जी एक मर्यादा आहे, ती पैशासाठी ओलांडायला लावणे हा दोष आहे.

तुकोबारायांनी देवाकडे लहानपण मागितले, हे तुम्हा-आम्हाला पाठ आहे. त्या अभंगावर मी स्वतः किती तरी कीर्तने केली. पण ते लहानपण महाराजांनी स्वतःसाठी मागितले. अहंकार गळावा म्हणून मागितले. इथे आम्ही दुसऱ्याला लहान केले, आणि कशासाठी? चार माणसांनी आपले कौतुक करावे, म्हणजे आपला अहंकार वाढावा म्हणून. मागितलेले लहानपण हे साधन आहे. लादलेले लहानपण ही शिक्षा आहे.

आणि माउली, मला सगळ्यांत जास्त टोचते ते आणखी वेगळे. आपण वारकरी भेटेल त्याला माउली म्हणतो. पोलिसाला म्हणतो, चहावाल्याला म्हणतो. त्या टोपलीतल्या पिल्लाची माउली कुठे आहे, हे मात्र आम्ही कोणीच विचारले नाही. इतक्या लहान मादीला बाळंतपण सोसत नाही. पिल्लाचे डोके मोठे, वाट लहान. पुष्कळदा पोट फाडूनच पिल्ले काढावी लागतात. एका वेताला एक-दोनच. म्हणून ती पुन्हा पुन्हा. ती कुठल्या खोलीत, कुठल्या पिंजऱ्यात होती, महिन्याभराचे लेकरू ओढून नेल्यावर तिने काय केले असेल, हे मला एकादशीच्या त्या पहाटेनंतर सुचले. आईला पाहिल्याशिवाय आपण गाय घेत नाही, म्हैस घेत नाही. इथे मात्र लेकराची किंमत मोजली आणि आईची चौकशी केली नाही.

दुसरा पूर्वपक्ष माझ्या मुलाने केला. "नाना, आपण घेतला म्हणून तो वाचला, दुसऱ्याकडे मेला असता." तेही खोटे नाही. पण आपण मोजलेले पैसे त्या एका पिल्लाला लागत नाहीत. ते पुढच्या वेताचा विसार होतात. आमच्या पैशावर त्या मादीला पुन्हा भरवले असेल. दया करायला गेलो आणि दुःखाला भांडवल पुरवून आलो.

कायदाही आहे, हे मला नंतर कळले. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आपल्या राज्यघटनेने तर नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांतच प्राणिमात्रांविषयी दया घातली आहे. संतांनी सांगितले ते घटनेनेही सांगितले. आता आणखी कोणी सांगायचे राहिले?

आणखी एक प्रश्न माझ्या गुरुबंधूंनी केला, तोही लपवत नाही. "माळकऱ्याच्या घरात कुत्रं, आणि त्याला ते पुड्यातलं मांसाचं खाणं?" पिल्लाला प्रथिने लागतात, नुसत्या दूधभातावर ते उभे राहत नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले होते. चार दिवस माझ्या जिवाची घालमेल झाली. मग मनाशी ठरवले, माळ माझ्या गळ्यात आहे, त्याच्या गळ्यात नाही. सूनबाईने त्याचे भांडे, त्याची जागा वेगळी केली. माझा नेम माझ्यापाशी, त्याचा आहार त्याच्यापाशी. चुकत असेन तर जाणत्यांनी सांगावे. पण उपाशी ठेवण्याची चूक पुन्हा करणार नाही.

आज चुरमुरा पाच वर्षांचा आहे. वजन एक किलो आठशे. थंडीत खोकतो. दिवसातून चार वेळा त्याला थोडे थोडे खाऊ घालायचे असते, ते काम मी माझ्याकडे घेतले आहे. पहाटे काकड्याच्या वेळी पहिले, रात्री हरिपाठानंतर शेवटचे. देवघरात मधाची छोटी बाटली ठेवली आहे. कधी लटपटला तर बोटाने हिरड्यांना मध चोळायचा, बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचे नाही, उबेत गुंडाळायचे आणि तडक दवाखाना. ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच आले आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आलेल्या जिवाला टाकू नका. तो दोषी नाही. त्याचे ऋण फेडा.

पण ज्यांच्या घरी अजून आलेले नाही, त्यांच्या पाया पडून सांगतो, कपातले पिल्लू घेऊ नका. लहान कुत्रे हवेच असेल तर आधी आईला बघा, घर बघा, नोंदणी बघा, आठ आठवडे पुरे होऊ द्या, आणि जो म्हणेल 'याहून लहान देतो', त्याच्या दारातून परत फिरा. नाही तर आपल्या वाडीतली, रस्त्यावरची कितीतरी पिल्ले वाट बघत आहेत. त्यांना पैसे पडत नाहीत. आणि कुणी असले पिल्लू दाखवले तर 'किती गोड' म्हणण्याआधी क्षणभर थांबा. या बाजाराला पैशाइतकेच आपले कौतुक लागते. मी ते पंधरा दिवस उपरण्यात घेऊन वाटले आहे.

गेल्या वर्षी माउलींची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे निघाली, तेव्हा मी काठी टेकत रस्त्याच्या कडेला दर्शनाला उभा होतो. नात शेजारी होती. चुरमुऱ्याला नेले नव्हते. एवढ्या गर्दीत कुणाचा पाय पडला तरी संपला. एका दिंडीबरोबर एक गावठी कुत्रे चालले होते, पिवळसर, कान फाटका, अंगावर धूळ. टाळकऱ्यांच्या पायांमधून ते आपल्या चालीने निघाले होते. कुणीतरी त्याच्या कपाळाला बुक्का लावला होता.

नातीने विचारले, "नाना, आपल्या चुरमुऱ्याला कधी वारीला चालत नेता येईल का गं... का हो?" लहानपणीची सवय, अजून चुकते तिची. मी म्हटले, "नाही बाळा." तिने पुन्हा विचारले, "त्याचं काय चुकलं?"

माउली, मी एवढी वर्षे लोकांच्या शंकांचे समाधान केले. या प्रश्नाला माझ्यापाशी एकच उत्तर होते, ते मी तिला दिले आणि तुम्हालाही देतो. त्याचे काही चुकले नाही. आमचे चुकले. तुमचे चुकू नये, म्हणून हे लिहिले.

रामकृष्ण हरी.